सल्ला : कोरीव तबलीची गिटार, तिची केस आणि वऱ्हाडातला उन्हाळा

वरुड तालुक्यातील एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. संत्र्याचा बगीचा सांभाळून ते गेली अठरा वर्षे गिटार वाजवतात आणि गावातल्या भजनी मंडळाला साथही करतात. जवळ असलेली जुनी, सपाट तबलीची (तबली म्हणजे गिटारच्या धडाची पुढची फळी) गिटार मंडपात निभावून नेते, परंतु रात्री ओसरीवर एकट्याने वाजवताना तिचा आवाज मनाला पुरत नाही, म्हणून आंबिया बहाराचे पैसे बाजूला टाकून हाताने घडवलेली आर्चटॉप, म्हणजे कमानदार तबलीची गिटार, घ्यावी असे त्यांनी ठरवले आहे. परदेशातील एका कारागिराशी बोलणे झाले असून तो निम्मी रक्कम आगाऊ मागतो. त्यांनी पुढील प्रश्न विचारले आहेत : कोरीव तबलीचे वाद्य घ्यावे की प्लायचे, गिटार ठेवायची केस प्लायवुडची पुरेल की फायबरग्लासची हवी, आपल्याकडच्या उन्हात हे वाद्य टिकेल का, आणि, हा प्रश्न सौभाग्यवतींचा असल्याचे त्यांनी नमूद केले आहे, ती केस दिवाणात ठेवली तर चालेल का.

सप्रेम नमस्कार.

तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर ठरल्याशिवाय बाकीच्यांना हात घालता येत नाही. लाकूड वाळवून, कोरून, जोडून झाले तरी हवेतला ओलावा शोषणे आणि सोडणे ते कधीच थांबवत नाही, आणि तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नसले तरी आडव्या दिशेने मात्र फुगते आणि आकसते. चांगले कारागीर आपल्या कार्यशाळेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखतात आणि त्याच हवेत वाद्य जोडतात. आपल्याकडे नवतपा चालू असताना, पारा ४५ अंशांच्या पुढे सरकलेला असताना, कूलर नसलेल्या खोलीत हा आकडा २० च्याही खाली जातो, आणि दोन-अडीच महिन्यांनी श्रावणाची झड लागली की तोच ८५ च्या वर दिसतो. उन्हाळ्यात तबली आकसून तिची कमान किंचित बसते, तारा पडद्यांवर घासून खरखरतात, दांडीच्या कडेने पडद्यांची टोके बाहेर येऊन हाताला टोचू लागतात, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर एखाद्या दुपारी ‘टक्’ असा आवाज होऊन तंतूंच्या रेषेत चीर जाते. पावसाळ्यात कमान वर उचलली जाते, तारा उंच होतात आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरताना मनगट भरून येते. पडून-आपटून गेलेल्या वाद्यांपेक्षा या हेलकाव्याने गेलेली वाद्येच मी अधिक पाहिली आहेत.

तेव्हा वाद्य टिकेल, परंतु त्यासाठी घरातल्या एका लहानशा जागेतली हवा तुम्हाला बाराही महिने सांभाळावी लागेल, आणि ती जागा म्हणजे केसच्या आतली पोकळी. एवढ्यासाठीच माझे म्हणणे असे की गिटार घेऊन उरतील त्या पैशांत केस, हा नेहमीचा हिशेब तुम्ही उलटा करावा. केस, आर्द्रतामापक आणि ओलावा राखणाऱ्या पुड्या यांच्यासाठी एकूण रकमेचा दहावा हिस्सा आधी वेगळा काढावा आणि उरलेल्या रकमेत बसेल ती गिटार पाहावी.

आता कोरीव की प्लायची. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या कलामाझू शहरी ऑर्व्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनप्रमाणे तबली कोरून मॅन्डोलिन आणि गिटार करायला सुरुवात केली. १९२२ साली गिब्सन कंपनीने लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली एल-५ ही एफ आकाराच्या छिद्रांची गिटार आणली. आणि न्यू यॉर्कच्या जॉन डी’ॲन्जेलिको यांनी १९३२ पासून १९६४ साली मृत्यू येईपर्यंत अकराशेहून अधिक गिटार आपल्या छोट्या कारखान्यात घडवल्या. या परंपरेत स्प्रूसच्या दोन जाड पाचरी मधोमध जोडून त्यांतून तबली कोरतात, पाठ बहुधा मेपलची असते, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तबलीला चिकटवलेली नसते आणि तारा मागच्या टेलपीसला, म्हणजे धडाच्या टोकाला बसवलेल्या पट्टीला, अडकवलेल्या असतात. बारा क्रमांकाच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो, आणि त्यातला जो भाग घोडीवरून खाली दाबतो तो ही कमान पेलते. हे वाद्य आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, कारण विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हे आर्चटॉप गिटारचेच बदललेले रूप आहे. जाता जाता एवढेच सुचवतो की पुढेमागे मोहनवीणेसारख्या तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा चढवण्याचा तुमचा विचार असेल तर तो आत्ताच कारागिराला सांगावा. तयार झालेल्या कोरीव गिटारला नंतर खुंट्यांसाठी भोके पाडून घेणारे हौशी लोक मला भेटले आहेत आणि त्यांच्यापैकी कोणीही नंतर खुश दिसले नाही.

प्लायची गिटार म्हणजे हलक्या प्रतीची, हा समज मात्र तुम्ही मनातून काढून टाकावा. गिब्सनची १९४९ सालची ईएस-१७५ प्लायच्या तबलीचीच होती आणि जाझ वाजवणाऱ्या कितीतरी मंडळींनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. ढोलक, टाळ आणि कर्ण्यांच्या मंडपात कर्ण्यांचा आवाज परत फिरून कोरीव तबली पटकन शिट्टी मारू लागते, प्लायची त्यामानाने शांत राहते, आणि आपल्या हवेतही तिला कमी जपावे लागते. तुम्हाला मंडपासाठी नवी गिटार हवी असती तर मी एका ओळीत प्लायची घ्या असे लिहून मोकळा झालो असतो. पण तुम्हाला ती ओसरीवर, कोणताही ॲम्प्लिफायर न जोडता, स्वतःच्या कानासाठी हवी आहे, आणि त्या कामाला कोरीव तबलीला पर्याय नाही. जुनी गिटार मंडळासाठी राहू द्यावी आणि नवी घराबाहेर फारशी काढू नये.

‘हाताने घडवलेली’ हे शब्द आजकाल फार सैल वापरले जातात, म्हणून तबली कोरलेली आहे, दाबून वळवलेली आहे की प्लायची आहे, हे स्पष्ट विचारून लेखी घ्यावे. गिटार हातात आल्यावर एफ छिद्राची कडा उजेडात धरून पाहावी : तबलीच्या पृष्ठावर दिसणाऱ्या तंतूंच्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड अखंड आहे, आणि पोळीच्या पापुद्र्यांसारखे दोन-तीन थर दिसत असतील तर प्लाय आहे. छिद्राच्या कडेला काळा रंग किंवा पट्टी लावून ती झाकलेली असेल तर झाकण्याचे कारण विचारायला संकोच करू नये. कोरलेली की दाबलेली हे मात्र कडेवरून सहज कळत नाही. त्यासाठी तबली कोरली जात असतानाची छायाचित्रे मागवावीत, आणि ती पाठवायला खरा कारागीर कधी कंटाळत नाही.

निम्मी रक्कम आगाऊ मागणे यात वावगे काही नाही, कारण लाकूड आणि कित्येक महिन्यांची मजुरी त्याला अडकवून ठेवावी लागते. तरीही मी तीन हप्त्यांचा आग्रह धरला असता : पहिला लाकूड निवडताना, दुसरा पॉलिशपूर्वीचा सांगाडा जोडून झाल्यावर त्याची छायाचित्रे पाहून, आणि तिसरा पाठवणी करण्याआधी. करारात खालच्या फुगीर भागाची रुंदी, तारेची बोलती (नटपासून घोडीपर्यंतची) लांबी, नटपाशी, म्हणजे माथ्याजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी, दांडीची रुंदी, लाकडांच्या जाती, पॉलिशचा प्रकार आणि वाद्य पसंत न पडल्यास परतीची अट एवढे तरी असलेच पाहिजे. खालची रुंदी बहुधा १६, १७ किंवा १८ इंच असते. तुम्ही बसून वाजवणार असल्याने आणि उंची मध्यम असल्याचे पत्रात लिहिल्याने १६ इंची घ्यावी असे मला वाटते, कारण १८ इंची गिटारवर उजवा खांदा तासाभरात आखडतो. लाकडांच्या जाती लिहून घेण्याचे आणखी एक कारण आहे. ब्राझिलियन रोझवुडवर १९९२ पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि त्याचा तुकडा पडदेपट्टीत किंवा घोडीत असला तरी कागदपत्रांवाचून वाद्य सीमेवर अडकू शकते; एबनी वा मेपल घेतल्यास बराच ताप वाचतो, फक्त एबनी कोणत्या देशातली आहे तेवढे विचारून घ्यावे. सीमाशुल्क आणि कर किती लागतील याचा अंदाज नागपूरच्या एखाद्या कस्टम्स एजंटकडून पैसे पाठवण्यापूर्वी घ्यावा, पार्सल आल्यावर नव्हे.

पाठवणीचा महिनाही करारात घालावा. कार्तिकापासून माघापर्यंत आपली हवा कारागिराच्या कार्यशाळेच्या बऱ्यापैकी जवळ असते आणि वाद्य घराशी सावकाश ओळख करून घेते. तुमच्या आंबिया बहाराचा पैसाही नेमका तेव्हाच हाती असतो. चैत्र-वैशाखात आलेले वाद्य विमानाच्या थंड पोटातून उतरून थेट मालवाहू गाडीच्या भट्टीत जाते. पार्सल कोणत्याही ऋतूत आले तरी खोके आतल्या खोलीत २४ तास न उघडता ठेवावे. मुलांना आवरणे कठीण जाईल, याची मला कल्पना आहे.

उघडल्यावर प्रथम घोडी पाहावी. वहीच्या कागदाची चिंचोळी पट्टी घोडीच्या पायाखाली सरकवून पाहावी. ती कुठेही आत जात असेल तर पाया तबलीच्या कमानीवर नीट घासून बसवलेला नाही आणि आवाजाचा काही भाग तिथेच हरवतो आहे. घोडीची उंची कमी-जास्त करण्याच्या दोन लहान चकत्या स्क्रूच्या मध्यावर असाव्यात, म्हणजे पावसाळ्यात उतरवायला आणि उन्हाळ्यात चढवायला वाव राहतो. त्या नव्या वाद्यातच तळाला टेकलेल्या असतील तर दांडीचा कोन चुकलेला आहे आणि ते वाद्य परत पाठवण्याच्या लायकीचे आहे. तारा बदलताना एका वेळी एकच बदलावी, कारण सगळ्या एकदम काढल्या तर घोडी निसटते आणि टेलपीस तबलीवर आपटतो. तसे झालेच तर नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजून तेवढेच, किंवा किंचित अधिक, पुढे घोडी ठेवावी आणि मग सुरावर बारीक सरकवावी.

इथून केसकडे वळतो. आपल्याकडे पेटी म्हटले की हार्मोनियम समजतात आणि केस म्हटले की कोर्टातली, तरी वाजवणारे ‘केस’ म्हणतात म्हणून मीही तोच शब्द वापरतो. माझ्या पहिल्या आर्चटॉपसाठी एका दुकानदाराने सपाट तबलीच्या गिटारची केस आतला फोम कापून ‘बसवून’ दिली होती. झाकण लागत होते, कड्या लागत होत्या, आणि मी समाधानी होतो. दोन महिन्यांनी घोडी उचलली तेव्हा तिच्या दोन्ही पायांखाली तबलीत नखाएवढे खळगे पडलेले दिसले, कारण झाकण रात्रंदिवस घोडीला दाबत होते. कमानदार तबली आणि उंच घोडी यांना कमानदार झाकणच लागते. याची परीक्षा सोपी आहे : कागदाची लांब पट्टी घोडीवर आडवी टाकून तिचे टोक केसबाहेर काढावे, झाकण लावून कड्या घालाव्यात आणि पट्टी ओढावी. ती सहज सुटून आली पाहिजे. अडकली किंवा फाटली तर ती केस तुमच्या गिटारची नाही.

तुम्ही संत्री भरून पाठवता, त्यामुळे पुढचे मी सांगण्याची फारशी गरज नाही. पेटीत फळ हलले की डागते आणि दाबले की पिचते. गिटारचेही तसेच आहे. धड कडेने अलगद धरलेले असावे, दांडीला नटच्या थोडे अलीकडे खालून आधार असावा, आणि खुंट्यांचा माथा मात्र पूर्ण अधांतरी असावा. केस पाठीवर पडली आणि माथा तळाला टेकलेला असला की झटक्याने तो नटपाशी मोडतो, आणि बाहेरून केसवर ओरखडाही नसतो. टेलपीसची खुंटी जिथे बाहेर येते तिथे फोममध्ये खाच आहे ना, हेही पाहावे, नाहीतर केस उभी आपटल्यास खुंटी आतल्या ठोकळ्यावर पाचरीसारखी काम करते. म्हणून कारागिराकडून गिटारची बाह्यरेषा खऱ्या मापात तपकिरी कागदावर काढून मागवावी, आणि एकूण लांबी, तिन्ही रुंद्या, कडेची खोली व पाठीपासून घोडीच्या माथ्यापर्यंतची पूर्ण उंची ही मापे त्यावर लिहून घ्यावीत.

प्रकारांविषयी. गिग बॅग, म्हणजे मऊ कापडी पिशवी, आपल्याकडे उंदरांची सोय करते, दुसरे काही करत नाही. चांगल्या प्लायवुडची, कमानदार झाकणाची केस घरात ठेवण्यापुरती पुरेशी आहे. तिची कडी निखळली तर गावचा सुतार बसवून देतो, मात्र तिला वाळवी लागते आणि झडीत ती फुगून झाकण तोंडाला नीट मिळत नाही. फायबरग्लासची केस मजबूत असते, कॅल्टनसारखे निर्माते ती वाद्याच्या मापावर करून देतात, पण ती महाग आणि जड असते, आणि हे सगळे बळ मुख्यतः विमानतळावरच्या हमालीसाठी आहे. तुमचे वाद्य घरातच राहणार असल्याने तुम्हाला धक्क्यापेक्षा उष्णतेपासून अधिक संरक्षण हवे आहे. त्यासाठी बाहेर कडक प्लॅस्टिकचे कवच आणि आत जाड, एकसंध फोम अशा बांधणीची केस मी निवडली असती. इंग्लंडच्या हिस्कॉक्सच्या केस या पद्धतीच्या असतात, फक्त आर्चटॉपचे माप त्यांच्या साच्यात बसते का हे त्या कागदावरून आधी ताडून पाहावे. केस कोणतीही असो, तिचा रंग बहुधा काळाच मिळतो, म्हणून पांढऱ्या मांजरपाटाची, आत कापूस भरलेली खोळ गादीवाल्याकडून शिवून घ्यावी. कापसाच्या मुलखात राहून तेवढा फायदा तरी घ्यावा.

आर्द्रतामापक स्वस्तातला घेतला तरी चालेल, पण त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ भरून त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत, इतके की मीठ ओले होईल पण विरघळणार नाही. ते झाकण आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ असला पाहिजे, आणि तापमान बदलले तरी तो फारसा हलत नाही. मापक ८१ दाखवत असेल तर तो ६ ने पुढे आहे, एवढे कागदावर लिहून केसच्या झाकणाला आतून चिकटवावे.

केसच्या आत ४५ ते ५५ ही मर्यादा धरावी. ओलावा घेणाऱ्या आणि देणाऱ्या दुहेरी पुड्या मिळतात, वाद्यांसाठी ४९ टक्क्यांच्या घ्याव्यात आणि एक माथ्याखाली, एक दांडीखाली ठेवावी. वैशाखात त्या पापडासारख्या कडक होतात. तेव्हा नव्या येईपर्यंत साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोके पाडून, त्यात घट्ट पिळलेला स्पंज घालून ती माथ्यापाशी ठेवली तरी काम भागते, फक्त स्पंजमधून एकही थेंब गळता कामा नये. झडीच्या दिवसांत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी आणि आकडा ५० वर आला की काढून घ्यावी. डांबराच्या गोळ्या मात्र केसमध्ये कधीही टाकू नयेत, त्यांच्या वाफेने पॉलिश आणि प्लॅस्टिकचे भाग खराब होऊ शकतात. कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवून वाजवू नये. खसच्या ताटीतून येणारी हवा ओली असते, आणि वीज गेली की तासाभरात खोली पुन्हा कोरडी होते. वाजवून झाल्यावर ‘जरा वेळ’ भिंतीला टेकवून ठेवण्याची सवयही मोडावी लागेल.

क्वचित अमरावतीला न्यावी लागली तर एसटीत केस दोन आसनांच्या मध्ये उभी धरावी आणि टेलपीसखाली मऊ फडके सरकवावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ती दहा मिनिटेही सोडू नये, कारण आतले तापमान ६० अंशांपर्यंत चढते आणि त्या उष्णतेत सरसाचे सांधे ढिले पडू लागतात.

राहिला दिवाण. तो आतल्या खोलीत असेल, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून नसेल आणि त्याच्यावर टिनाचे छप्पर नसेल, तर सौभाग्यवतींची सूचना मला मान्य आहे. लोखंडी कपाटापेक्षा लाकडी दिवाण कितीतरी बरा. केस तळाला टेकू न देता दोन आडव्या रिपांवर ठेवावी, घोडीची बाजू वर राहील अशी आडवी ठेवावी, तिच्यावर रजया रचू नयेत, आणि पोळ्यापर्यंत दर आठवड्याला दिवाण उघडून कोपऱ्यांत वाळवीची माती दिसते का ते पाहावे.